आ

मे महिन्यात गेलो होतो आम्ही, तासगावहून बावीस पोरं,
दोन बाई, आणि भूपाल चौगुले सर,
ज्यांना पेटी मांडीवर घेऊन बसायचं होतं विमानात.
नाही बसू दिलं. पेटी खाली सामानात गेली
आणि सर आठ तास रिकामे हात मांडीवर ठेवून बसले.

पैसे कसे उभे राहिले ते सांगत बसत नाही.
म्हेत्र्यांच्या दौलतचा पासपोर्ट आदल्या दिवशी आला,
कुरिअरवाल्याला कवठे एकंदच्या फाट्यावर गाठला.
प्रत्येकाच्या बॅगेत किलोभर बेदाणा,
तिकडच्या लोकांना रिकाम्या हातानं कसं भेटायचं म्हणून.

माझा आवाज विमानातच गेला.
चढताना होता. उतरताना पाणी मागितलं
तर दुसराच कुणी बोलला,
अर्धा माझा काका, अर्धा कोंबडा.
रुक्साना मुलाणी हसली, मग हसायची थांबली.
तिसऱ्या कडव्याची सुरुवात माझ्या एकट्याची होती.

सरांनी काढलं नाही मला.
हॉटेलच्या जिन्यात बसवून म्हणाले,
"खरड छाटणी झालीय तुझी.
एप्रिलात बाग कशी दिसते? नुसते ओलांडे.
तेव्हा कुणी घड मोजतं का?
उद्या ओठ हलव. श्वास मात्र सगळ्यांबरोबर घे."

मग स्थळं पाहिली.
मारिबोर. द्रावा नदी, येरळेला लाज वाटावी इतकं पाणी.
एक किल्ला, ज्याला आपल्याकडं कुणी किल्ला म्हणणार नाही,
पायऱ्या संपल्या तरी दम लागेना.
गाईडबाई पुढं, भर उन्हात मिटलेली छत्री उंच धरून.
आणि नदीकाठी एका घराच्या भिंतीवर वेल.
ती म्हणाली, द्राक्षाची, चारशे वर्षांहून जुनी.

झालं. पुढचं शहर राहिलं.
श्रावस्तीनं पान उलटं करून पाहिलं, दावण्या नाही.
दौलत खोडाकडं बघून म्हणाला, "ह्याला औषध किती लागत असेल."
भुरीला काय मारता? छाटणी एकदा का दोनदा?
बाईंनी जमेल तसं इंग्रजी केलं.
एकदाच, म्हणाली ती.
एकदाच! पोरं गप्प झाली.
सर मुद्दाम माझ्याकडं बघत नव्हते.

संध्याकाळी दगडी चर्चात गाणं.
आमचा हॉल पत्र्याचा, सूर सोडला की मेला.
इथं तो वर गेला, कमानीत हिंडला,
आणि आम्ही पुढची ओळ उचलतोय तेवढ्यात माघारी आला.
पहिल्या गाण्याचा पार गोंधळ.
पुढच्या बाकावर एक आजोबा बेदाण्याची पिशवी उघडत होते,
तो कागदही घुमला.
सरांनी डावा पंजा वर धरला.
थांबा. येऊ द्या त्याला.

मी ओठ हलवत होतो.
तीन वर्षं या गाण्यात राहून
मी ते ऐकलं नव्हतं कधी,
माझ्याच आवाजाच्या आड होतं.
श्रावस्ती 'न' नाकात घेते.
दौलत अर्धी मात्रा उशिरा येतो, नेहमी,
आणि त्याच्यासाठी ओळ जरा रुंद होते.
तिसरं कडवं रुक्सानानं उचललं,
तिच्या पट्टीत न बसणारं.
मधेच तिचा दम तुटला
तिथं मी श्वास घेतला, मोठा,
तिला ऐकू गेला असेल इतका.
एवढंच.

आता बेदाण्याच्या सौद्यात मी बोली पुकारतो.
आवाज आला, ऑक्टोबरात नाही, पुढं दोन वर्षांनी,
जाड, पत्र्याला पुरणारा. गाण्यात नाही बसला तो.
आकडा पुकारला की मी जरा थांबतो.
व्यापारी वैतागतात, कशाला थांबतोस बाबा.

शाळेच्या व्हरांड्यात त्या संध्याकाळचा फोटो आहे.
निवृत्त होईपर्यंत सर दरवर्षी
नव्या पोरांना त्याच्यासमोर उभं करायचे.
"तोंड असं उघडायचं," म्हणायचे,
"ह्याच्यासारखं. बघा."
आणि बोट माझ्यावर.